निघणे, सुटणे आणि ‘सेट ऑफ’

१२ मार्च १९३० रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास गांधीजी ७८ सत्याग्रहींसह साबरमती आश्रमातून बाहेर पडले. दांडी तिथून सुमारे ३८५ किलोमीटरवर. ५ एप्रिलला ते दांडीला पोहोचले, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मूठभर मीठ उचलले आणि देशभर कायदेभंग सुरू झाला. मुंबईतल्या वडाळ्याच्या मिठागरांत आणि कोकणातल्या शिरोड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला. हीच हकीकत इंग्रजीत सांगायची तर गांधीजी १२ मार्चला दांडीसाठी ‘सेट ऑफ’ झाले, असे लिहिता येते. पुढच्याच ओळीत, त्या मूठभर मिठाने देशभर चळवळ ‘सेट ऑफ’ केली, असेही लिहिता येते. आधी माणूस निघाला, मग चळवळ पेटली, आणि दोन्हीकडे क्रियापद एकच.

मराठी वाचकाची इथे पंचाईत होते ती वेगळ्याच कारणाने. ‘सेट’ हा शब्द मराठीत केव्हाच मुरला आहे, पण नेमका उलट्या अंगाने. चाळीस धावांवर खेळणारा फलंदाज ‘सेट’ झालेला असतो. मुलगा परदेशात नोकरीला लागला की तो तिकडे ‘सेट’ झाला, असे शेजारीपाजारी सांगतात. केस सेट करतात, गजर सेट करतात, दही लावले की तेही हल्ली सेट व्हायला ठेवतात. या सगळ्यांत काहीतरी जागेवर बसते, घट्ट होते, हलायचे थांबते. मग या बसलेल्या ‘सेट’ला ‘ऑफ’ जोडल्याबरोबर माणसे उठून चालू कशी लागतात?

हा प्रश्न पडणारे मराठी वाचक पहिले नाहीत. इंग्रजांच्या सर्वांत प्रसिद्ध कोशकारालाही त्याची जाणीव होती. सॅम्युअल जॉन्सनचा शब्दकोश १७५५ साली लंडनमध्ये निघाला. क्रियापदामागे एखादा लहानसा शब्द लावून अर्थ पार बदलून टाकण्याची इंग्रजीची खोड परक्या माणसाला सर्वांत जड जाते, असे त्याने प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले आहे. तिथे त्याने नमुन्यादाखल जी यादी दिली, तिच्यात ‘सेट’चे तीन जोड आहेत. प्रवासाला निघणे हा अर्थ त्याने ‘सेट आउट’ला दिला आहे. ‘सेट ऑफ’समोर त्या यादीत प्रवासाचा अर्थ नाही, खुलवणे किंवा शोभा आणणे हा आहे. तिसरा जोड ‘सेट इन’चा. एखादी गोष्ट सुरू होऊन सलग चालू राहणे हा त्याचा अर्थ, आणि आजही पावसाळा ‘सेट इन’च होतो. मान्सून केरळात आला की हवामान खाते जो ‘ऑनसेट’ जाहीर करते, त्याच्या पोटातही हाच ‘सेट’ बसलेला आहे.

जॉन्सनने अडचण सांगितली, पण अशा जोडांना नाव काही दिले नाही. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा छापील रूपात आणली लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने, १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात. ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ती सुचवली, असेही त्याने तिथेच सांगून टाकले. म्हणजे परीक्षेला बसणाऱ्या मुलांना घाम फोडणारे हे प्रकरण भाषेत शतकानुशतके असले, तरी त्याचे नाव जेमतेम शंभर वर्षांचे आहे.

आता त्या ‘सेट’कडे. इंग्रजीत ‘सिट’ आणि ‘सेट’ यांचे नाते मराठीतल्या बसणे आणि बसवणे यांच्यासारखे आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे, तर ‘सेट’ म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीत ही जोडी ‘सित्तान’ आणि ‘सेत्तान’ अशी होती. बसवणे, ठेवणे, मांडणे, लावणे एवढ्या साध्या कामासाठी घडलेला हा शब्द पुढे इतका पसरला की १९८९ च्या ऑक्सफर्ड कोशात त्याच्या एकट्याच्या नोंदीत ४३० हून अधिक अर्थ भरले आणि ती नोंद त्या आवृत्तीतली सर्वांत लांब ठरली. पुढे ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने तयार झाली तेव्हा तिच्यात ६४५ अर्थ निघाले आणि ‘सेट’चा पहिला नंबर गेला. बसवणाऱ्याला अखेर धावणाऱ्याने मागे टाकले.

एखाद्याला रस्त्यावर आणून ठेवले की तो वाटेला लागतो. मराठीतही माणूस दुसऱ्याला वाटेला लावतो, तसाच स्वतःही वाटेला लागतो. इंग्रजीत ‘लावणे’ आणि ‘लागणे’ असा रूपाचा फरक या जोडांत उरला नाही, दोन्हीकडे ‘सेट’च राहिला. ‘सेट सेल’ या जुन्या प्रयोगात मात्र जे लावायचे ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्यात शीड उभारले जाते आणि म्हणून जहाज निघते. कोकणात गलबत हाकारतात तोच हा क्षण. २७ डिसेंबर १८३१ ला डार्विनला घेऊन बीगल जहाज प्लिमथहून निघाले तेव्हा त्याला खरीखुरी शिडे होती. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या, तोवर आगबोटींचे दिवस आले होते. तरी त्यांच्या इंग्रजी चरित्रांत ‘सेट सेल’ लिहिलेले सहज सापडेल आणि ते चूकही नाही. शिडे गेली, वाक्प्रयोग राहिला.

या जोडातले खरे काम करतो तो ‘ऑफ’. ‘ऑफ’ आणि ‘ऑफ द पीपल’मधला ‘ऑव्ह’सारखा उच्चारला जाणारा ‘ऑफ’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार होते. जोर देऊन म्हटलेले रूप वेगळे होत गेले आणि सतराव्या शतकानंतर दोघांचे संसार पुरते वेगळे झाले. जोरदार रूपाकडे आला तो अर्थ ‘पासून दूर’, ‘तुटून’, ‘सुटून’ असा. हा अर्थ इतका भक्कम आहे की त्याला क्रियापदाचीही गरज पडत नाही. निरोप घेताना इंग्रज ‘आय ॲम ऑफ’ म्हणतो आणि त्यात निघण्याचे सगळे काही येते. घोड्यांच्या शर्यतीत फाटक उघडताच समालोचक ‘दे आर ऑफ’ ओरडतो. दोर सोडून नाव निघाली की ‘कास्ट ऑफ’, काठी टेकून ढकलली की ‘पुश ऑफ’, विमानाने जमीन सोडली की ‘टेक ऑफ’. क्रियापदे बदलली तरी ‘ऑफ’ आपली जागा सोडत नाही.

ही एक प्रतिमा पक्की धरली तर ‘सेट ऑफ’चे विखुरलेले अर्थ एका ओळीत येऊन उभे राहतात. मुक्कामापासून माणूस सुटला, तो प्रवास. दाबून ठेवलेला चाप सुटला, तर स्फोट होतो, भोंगा वाजतो, दंगल उसळते, एखाद्याला रडू किंवा हसू फुटते. मागच्या रंगापासून पुढचा रंग सुटून उठून दिसला, तर तो जॉन्सनचा खुलवण्याचा अर्थ, जसा हिरव्या नऊवारीवर मोत्यांचा सर खुलतो तसा. आणि येणे रकमेतून देणे रक्कम सुटली, तर ती वजावट.

हा वजावटीचा अर्थ कायदा आणि हिशेब यांच्या मार्गाने महाराष्ट्राच्या बोलण्यात थेट उतरला आहे. १ एप्रिल २००५ पासून राज्यात मूल्यवर्धित कर लागू झाला. खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करून घेण्याला त्या कायद्यात ‘सेट-ऑफ’ म्हटले होते. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, कायदेशीर नाव बदलून ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ झाले, पण सेटऑफ मिळाला की नाही हा प्रश्न बाजारात टिकून राहिला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आठव्या आदेशात प्रतिवादीला वादीकडून येणे असलेली ठरावीक रक्कम वळती करून मागता येते, तिथेही शब्द हाच. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ प्रमाणे कच्च्या कैदेतले दिवस शिक्षेच्या मुदतीतून वजा होत. आता तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ मध्ये आहे. न्यायालयाच्या बातम्यांत एखाद्या आरोपीला ‘सेट ऑफ’ मिळाला, असे वाचले तर तो कुठे निघून गेला असे समजू नये. फक्त त्याच्या शिक्षेतले दिवस कमी झालेले असतात.

छापखान्यातही हा शब्द आहे, आणि तिथे तो तक्रारीचा आहे. ओल्या शाईचा कागद दुसऱ्या कागदाच्या पाठीला लागून डाग उमटला की छपाईवाले त्याला ‘सेट-ऑफ’ म्हणतात. शब्दांची अदलाबदल केली की मात्र अख्खे तंत्र उभे राहते. ‘ऑफसेट’मध्ये मजकूर पत्र्यावरून आधी रबरी पडद्यावर आणि तिथून कागदावर येतो. दिवाळी अंकांची छपाई खिळ्यांच्या जुळणीतून बाहेर पडून चकचकीत झाली ती या तंत्रामुळे. क्रम उलटला की अर्थ बदलतो, हे ‘सेट आउट’ आणि ‘आउटसेट’ यांच्या बाबतीतही खरे. ‘आउटसेट’ म्हणजे आरंभ, पण तो कामाचा, चर्चेचा, कारकिर्दीचा. सहलीला सकाळी किती वाजता ‘आउटसेट’ आहे, असे कोणी विचारत नाही.

एवढ्या अर्थांचे ओझे पाहून घाबरणाऱ्या मराठी माणसाने आधी आपले ‘सुटणे’ एकदा उलगडून पाहावे. गाडी सुटते, शाळा सुटते, बाण सुटतो, वारा सुटतो. तोंडाला पाणी सुटते, अंगाला कंप सुटतो, कैदी सुटतो, नोकरी सुटते, व्यसन सुटते, गणितही सुटते आणि चाळिशीनंतर पोट सुटते. परप्रांतातून महाराष्ट्रात आलेल्या एखाद्या अधिकाऱ्याने ही यादी पाठ करायला घेतली तर तो हात टेकेल. पण मराठी मूल ती कधी पाठ करत नाही. अडकलेले, बांधलेले, रोखलेले काहीतरी मोकळे होते, एवढे एक चित्र त्याच्या मनात असते आणि बाकीचे आपोआप येते. इंग्रज मुलाचे ‘ऑफ’शी असेच असते.

आणि उभ्या किंवा बसलेल्या क्रियापदातून निघण्याचा अर्थ काढण्यात इंग्रजी एकटी नाही. संस्कृतात ‘स्था’ म्हणजे उभे राहणे, थांबणे. त्यालाच ‘प्र’ लागला की ‘प्रस्थान’ होते आणि थांबलेला माणूस चालू लागतो. एकाच ‘हृ’ धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार होतात, हे संस्कृतचे विद्यार्थी पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकतात. फरक इतकाच की संस्कृतात हा लहान शब्द धातूच्या पुढे उभा राहतो आणि इंग्रजीत मागे. जुन्या इंग्रजीतही असे कितीतरी शब्द क्रियापदाच्या पुढे लागत. मधल्या काही शतकांत ती पद्धत मागे पडली आणि हे शब्द क्रियापदाच्या शेपटाला आले. ब्रिटनच्या उत्तरेला आणि पूर्वेला वसलेल्या नॉर्स भाषकांचाही या बदलात हातभार होता, असे अनेक अभ्यासक मानतात.

मराठीने प्रस्थानाच्या बाबतीत आणखी एक गंमत केली आहे. इथे प्रस्थान नुसते करत नाहीत, ते ‘ठेवतात’ही. मुहूर्त साधायचा आहे पण प्रत्यक्ष निघणे त्या वेळी जमत नाही, अशा वेळी प्रवासाच्या दिशेला असलेल्या कोणाच्या घरी तांदूळ, सुपारी किंवा नेसायचे वस्त्र आधी नेऊन ठेवायची चाल होती. वस्तू ठेवली की प्रवास सुरू झाला असे धरत, माणूस मागाहून सवडीने निघे. इंग्रजी ‘सेट’चा मूळ अर्थ ठेवणे आणि मराठी प्रस्थानही ठेवण्याचेच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता हे केले. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची आणि अष्टमीला आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते, तेव्हाही सोहळ्याचे नाव प्रस्थानच असते आणि त्या दिवशी पालखी फार दूर जात नाही. आळंदीत पहिला मुक्काम गावातच, आजोळघरी असतो. लांबचा रस्ता दुसऱ्या दिवसापासून.

आता ‘सेट ऑफ’ आणि ‘सेट आउट’ यांच्यातले अंतर. बहुतेक शब्दकोश दोघांपुढे ‘प्रवासाला निघणे’ एवढेच लिहितात आणि पुष्कळ वाक्यांत खरोखरच एकाच्या जागी दुसरा चालतो. तरी कान तयार झाला की फरक कळतो. ‘ऑफ’ मागे पाहतो. जागा सोडली, तो क्षण त्याच्या ध्यानात असतो. ‘आउट’ पुढे पाहतो. घराबाहेर, मोकळ्यावर, कशाच्या तरी शोधात. म्हणून घड्याळाची वेळ सांगायची तर ‘सेट ऑफ’ अधिक बरा वाटतो आणि मोठ्या मोहिमेची सुरुवात सांगताना ‘सेट आउट’ अधिक शोभतो.

एव्हरेस्टचेच पाहा. २९ मे १९५३ ला पहाटे चार वाजता एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे तंबूत जागे झाले. हिलरीचे बूट रात्री तंबूबाहेर राहिल्याने गोठून दगड झाले होते, ते शेगडीवर मऊ करण्यात बराच वेळ गेला. साडेसहाला दोघे निघाले आणि साडेअकराला शिखरावर होते. हे साडेसहाचे निघणे इंग्रजीत ‘सेट ऑफ’ म्हणून सहज बसते, कारण वाक्याचा सगळा भार तंबू सोडण्याच्या त्या क्षणावर आहे. उलट, त्या वर्षी जॉन हंट यांच्या नेतृत्वाखालची ब्रिटिश मोहीम एव्हरेस्ट सर करायला निघाली, असे सांगायचे तर ‘सेट आउट’ उचित. तिथे हेतू मोठा आहे, वेळ गौण.

‘सेट आउट’चा हा हेतूशी असलेला संबंध त्याला प्रवासापलीकडे घेऊन जातो. माणूस एखादी गोष्ट सिद्ध करायला ‘सेट आउट’ होतो, पुस्तक लिहायला होतो, गाव बदलायला होतो. यासाठी घराचा उंबरठाही ओलांडावा लागत नाही. ‘सेट ऑफ’ला हे काम जमत नाही. ‘आय सेट ऑफ टु प्रूव्ह’ असे कोणी लिहिले तर वाचणाऱ्याला तो गृहस्थ पिशवी घेऊन सिद्धता करायला रस्त्याने निघाल्यासारखे वाटेल.

आणि ज्याने काही करायला ‘सेट आउट’ केले, त्याच्या वाक्यात पुढे ‘पण’ यायची शक्यता पुष्कळ. ३ ऑगस्ट १४९२ ला कोलंबस पालोस बंदरातून निघाला तो आशियाला पोहोचायला, पोहोचला भलतीकडे. रोआल्ड आमुंडसेन १९१० मध्ये नॉर्वेहून निघाला तेव्हा तो उत्तर ध्रुवाकडे चालला आहे, असा जगाचा समज होता. मदेरा बेटावर त्याने आपल्या खलाशांना सांगितले की बेत दक्षिण ध्रुवाचा आहे. त्याच्या मोहिमेत ‘सेट ऑफ’चाही चांगला धडा आहे. प्रतिस्पर्धी स्कॉट आधी पोहोचेल या धास्तीने तो ८ सप्टेंबर १९११ ला तळावरून निघाला, पण थंडी उणे पन्नास अंशांच्या खाली गेली आणि त्याला माघारी फिरावे लागले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात चार साथीदार आणि ५२ कुत्रे घेऊन तो पुन्हा निघाला आणि १४ डिसेंबरला ध्रुवावर पोहोचला. स्कॉटची मुख्य तुकडी १ नोव्हेंबरला निघाली होती, ती १७ जानेवारी १९१२ ला पोहोचली. निघणे दोनदा होऊ शकते, हेतू मात्र एकच राहतो. सप्टेंबरमध्ये आमुंडसेन फार लवकर ‘सेट ऑफ’ झाला, असे इंग्रजीत म्हणता येते, कारण ‘सेट ऑफ’ची चूक वेळेची असते.

जुन्या लिखाणात मात्र ही वाटणी इतकी काटेकोर नव्हती. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क १८०४ च्या मे महिन्यात निघाले आणि १८०६ च्या सप्टेंबरात सेंट लुईसला परतले. त्यांच्या रोजनिशीत सकाळी लवकर निघाल्याची नोंद सतत येते आणि तिथे रोजच्या रोज ‘सेट आउट’ असते. आज तिथे पुष्कळ जण ‘सेट ऑफ’ लिहितील, निदान ब्रिटनमध्ये तरी. अमेरिकेत बोलताना ‘हेड आउट’ आणि ‘टेक ऑफ’ अधिक कानावर पडतात. तिथे विमानासारखा माणूसही ‘टेक ऑफ’ होतो. ‘सेट फोर्थ’ हा तिसरा भाऊ आता प्रवासात फारसा दिसत नाही. तो करारपत्रांत आणि अहवालांत, वर मांडल्याप्रमाणे आणि खाली नमूद केल्याप्रमाणे, अशी कामे करतो. कोणी खरोखर ‘सेट फोर्थ’ होऊन गावाला निघाला तर त्याच्या कमरेला तलवार असावी, असे वाटते.

वापरताना जिथे पाय घसरतो त्या जागा थोड्याच आहेत. ‘सेट’चे रूप तिन्ही काळांत तेच राहते, ‘सेटेड’ असा शब्द नाही. त्यामुळे ‘दे सेट ऑफ ॲट सिक्स’ हे रोजचे आहे की कालचे, हे नुसत्या वाक्यावरून कळत नाही. ‘ही सेट्स’ आले तर रोजचे आणि ‘ही सेट’ आले तर कालचे. उद्याचा बेत ठरला असेल तर इंग्रज ‘वी आर सेटिंग ऑफ’ म्हणतो, जसे मराठी माणूस उद्या सहाला निघतोय म्हणतो. भविष्यकाळाची गरज दोघांनाही पडत नाही.

ठिकाण सांगायचे तर ‘फॉर’ लागतो. नाशिकसाठी निघाले, म्हणजे ‘सेट ऑफ फॉर नाशिक’. मराठीत नाशिकला निघाले असे म्हणतात, म्हणून ‘टु नाशिक’ लिहिण्याचा मोह होतो. तिथे सावध राहावे. कुठून निघाले ते ‘फ्रॉम’ने आणि कोणत्या प्रवासाला निघाले ते ‘ऑन’ने सांगतात. ‘वी सेट ऑफ अवर जर्नी’ हे मात्र साफ चुकीचे, कारण प्रवासाच्या अर्थाने ‘सेट ऑफ’ कर्म घेतच नाही. कर्म घेतले की अर्थ लगेच उडवणे किंवा पेटवणे याकडे वळतो. पेटवण्याच्या अर्थात कर्म मधेही घुसू शकते. भोंगा ‘सेट’ आणि ‘ऑफ’ यांच्या मध्ये बसतो, मागेही बसतो. भोंग्याऐवजी सर्वनाम आले तर ते मध्येच बसवावे लागते, ‘सेट इट ऑफ’ असे.

भारतीय इंग्रजीने यातून आपली वेगळीच पळवाट काढली आहे. घरातून निघालेला पुणेकर फोनवर ‘आय हॅव स्टार्टेड’ म्हणतो. लंडनच्या माणसाला आज ते अर्धवट वाटते, काय सुरू केले असे तो विचारील. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत पात्रे गावाला ‘स्टार्ट’ होताना सर्रास दिसतात. तिथे जुने झाले ते इथे चालू राहिले, इतकेच. त्याला चूक ठरवून खाली मान घालायचे काही कारण नाही. मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत किंवा परदेशी मंडळींना पाठवायच्या पत्रात ते टाळलेले बरे.

त्याच्या जागी कोणता शब्द घ्यावा याचे उत्तर प्रसंगावर आहे. वेळापत्रक, सूचना, सरकारी पत्र यांना ‘डिपार्ट’ हा फ्रेंचमधून आलेला भारदस्त शब्द लागतो. म्हणून विमानतळावर ‘डिपार्चर्स’ची पाटी असते. रोजच्या कामाला ‘लीव्ह’ पुरतो, पण त्यात एक फसगत आहे. ‘वी लेफ्ट पुणे’ म्हणजे पुणे सोडले आणि ‘वी लेफ्ट फॉर पुणे’ म्हणजे पुण्याकडे निघालो. मधला ‘फॉर’ घाईत गळला तर माणूस नेमक्या उलट दिशेला पोहोचतो आणि स्टेशनावर न्यायला आलेला यजमान ताटकळतो. ‘सेट ऑफ’मध्ये ही दुर्घटना होत नाही, कारण त्यातून ‘फॉर’ गळला तर उरलेले वाक्य अडखळते आणि चूक लगेच लक्षात येते. म्हणून कोणाला घ्यायला बोलावले असेल तर निरोपात ‘सेट ऑफ’ लिहावे.